आजचा घाव, पुढल्या हंगामाचे दुखणे

तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदाराला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. ऑक्टोबरची छाटणी होते, डोळे फुटतात, आणि फुटीबरोबर घड यायच्या ऐवजी नुसत्या बाळ्या निघतात. अशा वेळी जाणता बागायतदार ऑक्टोबरच्या हवेला दोष देत बसत नाही. तो मनाने सहा महिने मागे जातो. एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर काय झाले होते ते आठवतो. कारण पुढचा घड काडीच्या डोळ्यात बांधला जातो तो त्या दिवसांत. नेमके तेव्हाच आभाळ भरून राहिले, उन्हाची तिरीप मिळाली नाही, तर डोळ्यात घड धरत नाही. वेल मात्र हिरवीगार दिसते. नुकसान झालेले असते उन्हाळ्यात आणि कळते ते दिवाळीच्या तोंडावर.

वाचकहो, माणसाच्या मनाचेही पुष्कळसे असेच आहे. लहानपणी बसलेला घाव तरुणपणी दिसतो. बाळंतपणात आईच्या मनावर आलेला काळोख मुलाच्या अंगावर दिसतो. महापुराने, कर्जाने, अपघाताने बसलेला धक्का कधी छातीच्या धडधडीतून, कधी दारूच्या बाटलीतून, तर कधी घरातल्या मारझोडीतून बाहेर येतो. आपण मात्र ऑक्टोबरच्या हवेला दोष देत राहतो. “पोरगा वाया गेला,” “बाई नाटकं करते,” “म्हाताऱ्याला वय झालं,” असे म्हणून मोकळे होतो. मागे जाऊन एप्रिल कुणी तपासत नाही.

तो एप्रिल तपासण्याचे काम गेल्या तीसेक वर्षांत काही संशोधकांनी केले आहे. त्यातले बरेचसे काम आपल्या अगदी शेजारी, गोव्यात आणि विदर्भात झाले आहे. त्यातून जे हाती आले ते प्रत्येक शेतकरी कुटुंबाने समजून घ्यावे असे आहे.

एक वेल आणि सगळी बाग

आपण डॉक्टरकडे जातो तेव्हा डॉक्टर समोरच्या एका रोग्याला तपासतो. साथरोगतज्ज्ञाची रीत वेगळी असते. एका वेलीवर भुरी दिसली म्हणून तो तेवढीच वेल पाहून परत फिरत नाही. तो सगळी बाग पायाखाली घालतो. रोग कोणत्या ओळीत आहे, कोणत्या ओळीत नाही, पाणी कुठून येते, वारा कुठला आहे, हे मांडून पाहतो. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी कोणत्या घरात किती माणसे दगावली ते नकाशावर मांडले, आणि सगळ्या वाटा एका सार्वजनिक पंपाकडे जातात हे दाखवून दिले. पटकीवरचे औषध हाती येण्याआधी तिची वाट सापडली.

हीच रीत पुढे मनाच्या दुखण्याला लावली गेली. हजारो माणसांना तेच ते प्रश्न विचारायचे, वर्षानुवर्षे त्यांच्या मागावर राहायचे आणि हिशेब मांडायचा. अशी एक मोठी पाहणी २४ देशांत झाली. जवळजवळ ६९ हजार प्रौढ माणसांना विचारले, की तुमच्यावर आयुष्यात कधी जिवावरचा किंवा मन हादरवणारा प्रसंग आला का? शंभरातल्या सत्तर जणांनी ‘होय’ म्हटले. कुणाचा अपघात, कुणाच्या घरचा अचानक मृत्यू, कुणाला मारहाण, कुणावर अत्याचार, कुणी आगीतून किंवा पुरातून वाचलेला. हे आकडे २०१६ साली प्रसिद्ध झाले. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, ते खरेच आहे.

पण त्याच पाहणीतली दुसरी बाजू पाहा. त्या धक्क्याचे पुढे खरे दुखणे झाले, असे लोक सर्व लोकांत शंभरी चारच्या आसपास निघाले. म्हणजे धसका बसणे हा काही रोग नाही. बहुतेकांचा धसका महिन्या-दोन महिन्यांत, आपल्या माणसांच्या आधाराने ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही, त्यांना तोच प्रसंग झोपेत आणि जागेपणी पुन्हा पुन्हा दिसतो. त्या जागेकडे पाऊल वळत नाही. भांडे पडले तरी अंग दचकते. साध्या शब्दाला राग येतो, नाहीतर मन बधिर होऊन जाते. एक महिना उलटला तरी हे थांबत नसेल, तर ते दुखणे आहे, आणि त्याला उपचार आहे.

पंचनाम्यात नसलेला रकाना

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे दगडमातीखाली गेली. महिन्याभराने डॉक्टरांच्या एका पथकाने वाचलेल्यांपैकी ४२ जणांची मनाच्या अंगाने तपासणी केली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना उपचार लागतील इतपत मनाचे दुखणे जडलेले आढळले. मोठी संख्या दोनच दुखण्यांची होती. एक, वर सांगितलेला न ओसरणारा धसका, आणि दुसरे, खोल उदासी.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर २००५, २०१९ आणि २०२१ चे कृष्णेचे महापूर आठवा. आपल्या तालुक्यातून जाणारी येरळा जिथे कृष्णेला मिळते, त्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची नाव उलटली. कित्येक घरांतली माणसे त्या पाण्यात गेली. पूर ओसरला, पंचनामे झाले. पंचनाम्यात पडलेल्या भिंती लिहितात, वाहून गेलेली जनावरे लिहितात, बुडालेला ऊस लिहितात. मनाचा रकाना त्यात नसतो. मग दरवर्षी श्रावणात पाऊस लागून राहिला की एखादी बाई रात्रभर उंबऱ्यात बसून पाण्याची पातळी पाहत राहते. घरचे तिला रागावतात. तिला काय होते आहे, हे तिलाही सांगता येत नाही.

पूर्व भागातल्या आपल्या गावांना पुराची नव्हे, पाण्याच्या ओढीची सवय. इथला धक्का निराळा असतो. बेदाणा शेडवर वाळत असताना एका रात्रीत आलेला पाऊस, फुलोऱ्यातल्या बागेवर पडलेला दावण्या, गारपीट, आणि त्यामागोमाग सोसायटीचा हप्ता. एका रात्रीत वर्षाचे पीक जाते. असा धक्का एकदा बसला तर माणूस सावरतो. तीन-चार वर्षे लागोपाठ बसला, तर उभे खोडही आतून पोखरते.

हे पोखरणे नुसते मनाचे नसते. अमेरिकेत सुमारे ५० हजार परिचारिकांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या. ज्यांच्या मनावर मोठा आघात होऊन त्याची लक्षणे अंगात मुरली होती, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण, आघात न झालेल्या बायकांपेक्षा साठ टक्क्यांनी जास्त निघाले. हा निष्कर्ष २०१५ साली पुढे आला. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपली म्हातारी माणसे म्हणत. त्याचा हिशेब आता कागदावर मांडला गेला आहे.

पोराला काय कळतंय?

१९९८ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो गावी डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट आन्डा यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. तपासणीला येणाऱ्या साडेनऊ हजार प्रौढ माणसांना त्यांनी अठरा वर्षांच्या आतले लहानपण विचारले. घरात तुम्हाला मारहाण होत होती का? घालून पाडून बोलत होते का? कुणी अंगाला हात लावला का? आईला मार खाताना पाहिले का? घरात कुणी दारुडे होते का? कुणी मनाने आजारी होते, कुणी जीव देण्याचा प्रयत्न केला होता का? कुणी तुरुंगात गेले होते का?

मग या उत्तरांशेजारी त्यांनी त्याच माणसांचे आजचे आजार मांडले. ज्यांच्या लहानपणी असल्या चार किंवा अधिक गोष्टी घडल्या होत्या, त्यांच्यात दारूचे व्यसन, खोल उदासी आणि जीव देण्याचा प्रयत्न यांचे प्रमाण, असे काही न घडलेल्यांच्या चार ते बारा पट होते. हृदयाचे आणि फुप्फुसाचे आजारही त्यांच्यात जास्त होते. घाव चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि दुखणे आजचे!

हे होते कसे? अंगात निसर्गाने एक गजर ठेवलेला आहे. साप दिसला की छाती धडधडते, रक्तात साखर चढते, हातापायांत बळ येते, आणि माणूस उडी मारून बाजूला होतो. साप गेला की गजर थांबतो. पण ज्या घरात रोज दिवेलागणीला बापाच्या चपलांचा आवाज ऐकून पोर कोनाड्यात दडते, त्या पोराच्या अंगातला गजर थांबतच नाही. त्याची झोप तुटते, शाळेत लक्ष लागत नाही, अंथरूण ओले होते, पोट दुखते. “पोर लहान आहे, त्याला काय कळतंय,” असे आपण म्हणतो. त्याला शब्द कळत नसतील. आवाज सगळे कळतात.

इथे एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. हा हिशेब हजारांचा आहे. एखाद्या मुलाचे नशीब त्यात लिहिलेले नाही. असल्या घरांतून वाढलेली कितीतरी मुले पुढे सालस, कर्ती माणसे होतात. त्यांना कुठेतरी एक भरवशाचे माणूस मिळालेले असते. कुणाला आजी, कुणाला मामा, कुणाला शाळेतल्या बाई. ज्याच्यापाशी भीती वाटत नाही, असे एखादे माणूस पोराला लाभले तर त्याला मोठा आधार होतो.

ओल्या बाळंतिणीचे रडे

आता आणखी एक पाऊल मागे जाऊ. मूल अजून पाळण्यात आहे, आणि त्याची आई उदास आहे.

गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ नावाची संस्था काढली. डॉ. पटेल मूळचे मुंबईचे. त्यांचे शिक्षण मनोविकारतज्ज्ञाचे, पण कामाची रीत साथरोगतज्ज्ञाची. गोव्यातल्या एका रुग्णालयात बाळंतपणाला आलेल्या २७० बायकांची त्यांच्या चमूने बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी चौकशी केली. शंभरातल्या २३ बायकांना उपचाराची गरज असलेली उदासी होती. हे २००२ साली प्रसिद्ध झाले. कुणाला होती ती? जिच्या घरी ओढाताण होती तिला, जिचे नवऱ्याशी पटत नव्हते किंवा जिला मार बसत होता तिला, आणि मुलगा हवा असताना जिला मुलगी झाली होती तिला.

पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली. सहा महिन्यांच्या वजनात उदास आयांची बाळे इतरांच्या मानाने अधिक संख्येने मागे पडलेली होती. आईच्या मनावरचा भार बाळाच्या वजनात उतरला होता. “ओली बाळंतीण आहे, रडायचीच,” असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवण्याआधी हे आठवा. आठ-पंधरा दिवसांनी रडे थांबले नाही, भूक-झोप उडाली, बाळाकडे बघावेसे वाटेना, तर आशाताईंना सांगा, दवाखान्यात न्या. आणि मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्या घराने एवढे समजावे, की ते आईला आणि लेकीला एकाच वेळी दुखवते आहे.

विदर्भातली तीस गावे

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, “दुखणे कळले. पण खेड्यात मनाचा डॉक्टर आणायचा कुठून?” प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चारच आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. शिवाय ‘मनोरुग्णालय’ हा शब्द काढला की घरात शांतता पसरते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून जो तो मूठ झाकतो.

याच प्रश्नाला डॉ. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हात घातला. त्याआधी १९९० च्या दशकात ते आफ्रिकेत झिम्बाब्वे देशात काम करत होते. तिथे त्यांनी गावोगावचे देवऋषी आणि रोगी यांच्याशी बोलून, लोक या दुखण्याला काय म्हणतात ते टिपले. तिथले लोक ‘कुफुंगिसिसा’ म्हणत. अर्थ असा, की फार विचार करणे. आपल्याकडे “डोस्क्यात इचार लागल्यात” म्हणतात, तेच हे. उदासी हे शहरी, शिकल्या-सवरलेल्यांचे दुखणे नव्हे. खेड्यातला माणूस ते पाठदुखी, अशक्तपणा, झोप न येणे, छातीत कळ अशा नावांनी सांगतो, एवढाच फरक.

मग विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचे काम सुरू झाले. २०१७ साली डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केले होते. काही जण घरोघर जाऊन मनाच्या दुखण्याची माहिती देत, काही जण शिकवलेल्या पद्धतीने समुपदेशन करत, म्हणजे दुखणाइताशी नेमाने बोलून त्याला वाट काढायला मदत करत. ज्यांचे दुखणे जास्त, त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ ठरल्या दिवशी येत.

दीड वर्षात काय घडले? आधी उदासी असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण कुणाकडे तरी उपचाराला जात. ते प्रमाण २७ झाले, म्हणजे सहा पटींनी वाढले. उदासीने ग्रासलेल्यांचे गावातले प्रमाण शेकडा १४.६ होते ते ११.३ वर आले. मागच्या वर्षभरात जीव द्यावासा वाटल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ होते ते २.५ वर आले. आता खरे सांगायचे, तर तुलनेला दुसरी गावे घेतलेली नव्हती. त्यामुळे सगळे श्रेय या कामाला देता येणार नाही, पीकपाणी बरे झाल्याचाही त्यात वाटा असू शकेल. पण उपचाराला जाणारे सहा पट वाढले, ते काही आपोआप झाले नसावे. गावातल्या माणसाने दार वाजवले, म्हणून दार उघडले.

बोलण्याने खरेच बरे वाटते का?

ही शंका संशोधकांनाही होती. म्हणून गोव्यात त्यांनी बियाण्याची चाचणी घेतो तशी चाचणी घेतली. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या, उदासीने बऱ्याच खंगलेल्या ४९५ रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर सहा ते आठ वेळा समुपदेशन. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. थोडे शिकवून तयार केलेले साधे लोक होते. तीन महिन्यांनी पाहिले, तर नेहमीच्या उपचारांनी शंभरात ३९ जणांची उदासी उतरली होती, समुपदेशन मिळालेल्यांत ६४ जणांची. हा निकाल २०१७ चा.

या समुपदेशनात जादू काही नाही. उदास माणूस म्हणतो, “मन बरं झालं की कामाला लागेन.” इथे वाट उलटी धरतात. आधी थोडे काम, मग मन. आज सकाळी गोठ्यापर्यंत जायचे. उद्या पारावर पाच मिनिटे बसायचे. परवा बहिणीला फोन करायचा. पूर्वी जे करताना बरे वाटायचे, भजन, शेळीला चारा आणणे, पोरांचा अभ्यास, त्यातले एक एक परत सुरू करायचे. जोडीला हातातल्या अडचणीचे तुकडे करून एकेक सोडवायचा. बागेला एकदम पूर न देता ठिबकने पाणी देतो, तसेच.

दारूवरही अशीच चाचणी झाली. जास्त दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी ज्यांना समुपदेशन मिळाले, त्यांच्यातले शंभरी ४२ जण तीन महिन्यांनी मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले निघाले. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर हे प्रमाण १८ होते.

म्हातारपणाचे काय? डॉ. अमित डायस आणि त्यांच्या चमूने गोव्यात साठीच्या पुढच्या १८१ माणसांवर काम केले. ही माणसे पुरती आजारी नव्हती, पण मन खचू लागले होते. त्यांतल्या निम्म्यांना साध्या कार्यकर्त्यांनी झोप, रोजच्या अडचणी, मधुमेह-रक्तदाबाची काळजी आणि सरकारी योजनांचे कागद यांत हात दिला. वर्षभरात त्यांच्यात मोठी उदासी जडली ती शंभरी चार-साडेचार जणांना. ज्यांना हा आधार नव्हता, त्यांच्यात चौदा जणांना. हे २०१९ सालचे. म्हणजे सत्तरीतही उशीर झालेला नसतो.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट, ऐका. ज्याला धक्का बसला आहे त्याला “विसर आता, रडायचं नाही” असे सांगू नका. बोलावे म्हणून रेटाही लावू नका. शेजारी बसा, चहा द्या, सांगेल तेवढे ऐकून घ्या. लेकरांना खरे ते त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा, आणि शाळा, जेवण, झोप यांचा नेम मोडू देऊ नका. लहान मुलाला घरात किंवा बाहेर कुणापासून त्रास असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे.

दुसरी गोष्ट, विचारायला भिऊ नका. माणूस गप्प झाला, देणेघेणे मिटवू लागला, “माझ्यामागं तुम्ही सुखी ऱ्हावा” असे बोलू लागला, तर सरळ विचारा, “जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट, ओझे कुणीतरी वाटून घेतले असे त्याला वाटते. अशा माणसाला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे त्या दिवसांत घरात आणि शेतातल्या खोलीत ठेवू नका, भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला द्या. ती लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्या वेळात विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून अति जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले.

तिसरी गोष्ट, पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस भारी ताणाखाली होता असे धरून चालावे, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे, असे तो कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत शिक्षेचे जुने ३०९ कलमही राहिलेले नाही. सरकारी नोकराला त्याचे काम करण्यापासून अडवण्यासाठी केलेला असा प्रयत्न, एवढाच आता गुन्हा धरला जातो.

चौथी गोष्ट, वाट माहीत असू द्या. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी फोन आहे. तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. हा आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना नुसती पाठदुखी सांगू नका, झोप आणि मनही सांगा. ते पुढे सांगलीला किंवा मिरजेला चिठ्ठी देतील. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत बंद करू नका, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडूही नका. देवाला जाऊन मनाला आधार वाटत असेल तर जरूर जा. औषध मात्र त्यासाठी थांबवू नका.

बागेला चुकलेला एप्रिल परत मिळत नाही, त्या वर्षाचे पीक गेले ते गेले. माणसाचे तसे नाही. पाळण्यात, शाळेत, संसारात आणि सत्तरीतही, कुणी हात दिला तर त्याची काडी पुन्हा पिकते, हे या सगळ्या पाहण्यांनी दाखवून दिले आहे. तेव्हा आज हा अंक खाली ठेवलात, की आपल्या घरात अलीकडे कोण गप्प झाले आहे ते एकदा आठवून पाहा. रात्रीच्या जेवणानंतर त्याच्याजवळ जाऊन बसा. पहिला प्रश्न साधाच विचारा. “झोप लागते का रे नीट?”